उरकणे सोडल्यावर

निवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट आहे. सकाळी साडेसातच्या सुमारास मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी राहून चहा पीत होते. डाव्या हातात कप, उजव्या हाताने मिक्सरच्या भांड्याचे झाकण दाबून धरलेले आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. पाणी प्यायला आत आलेले आमचे हे मिक्सर थांबेपर्यंत दारातच उभे राहिले आणि मग म्हणाले, "अगं, तू चहा पितेस की उरकतेस?" त्यांनी थट्टेने विचारले होते, पण मला ते लागले. बँकेत जायचे नव्हते, डबा भरायचा नव्हता, मुलगी पुण्याला नोकरीला लागून चार वर्षे झाली होती. तरीही ३३ वर्षांच्या नोकरीत अंगवळणी पडलेल्या घाईने मी तो चहा घशाखाली ढकलत होते, आणि त्यात मी आले घातले होते की नाही हेसुद्धा मला सांगता आले नसते.

उरकणे हा शब्द आपल्या घरांत दिवसातून किती वेळा उच्चारला जातो, याकडे मी त्या दिवसापासून लक्ष देऊ लागले. आंघोळ उरकून घे, जेवणे उरकली का, पूजा उरकली की निघू, साखरपुडा आणि लग्न एकाच दिवशी उरकून टाकले, अष्टविनायक दोन दिवसांत उरकले. लग्न होऊन मी सांगलीत आले तेव्हा सासूबाईंनी शेजारच्या काकूंना "हिला कामाचा उरक चांगला आहे" असे सांगितल्याचे माझ्या कानावर आले होते आणि ती शाबासकी मी पुढे कित्येक वर्षे पदकासारखी मिरवली. उरक हा गुण आहे, यात मला आजही शंका नाही. भांडी, धुणे, विजेचे बिल, दिवसअखेरीची रोकड जुळवणे या गोष्टी उरकायच्याच असतात आणि त्यांत रेंगाळण्यात कोणतेही शहाणपण नाही. माझी तक्रार एवढीच आहे की हा गुण एकदा अंगात मुरला की तो आपली हद्द ओळखत नाही, आणि ज्या गोष्टींसाठी आपण बाकीची कामे उरकत असतो त्याच गोष्टी तो अखेर उरकून टाकतो.

गेल्या काही वर्षांत मी काही गोष्टी या तडाख्यातून बाजूला काढल्या. त्यांत नवीन किंवा खर्चाचे असे काहीही नाही. किंबहुना त्यांतल्या बऱ्याचशा गोष्टी आमच्या सासूबाई कोणी न सांगता करीत होत्या.

सुरुवात अर्थातच चहापासून झाली. आमचे घर गावभागातले, जुन्या पद्धतीचे असल्यामुळे परसदारी तीन पायऱ्या आहेत, त्यांच्या शेजारी फुटक्या बादलीत लावलेला गवती चहा आणि त्याच्यामागे जास्वंद. सकाळचा चहा त्या मधल्या पायरीवर बसूनच प्यायचा, मोबाईल आत ठेवायचा आणि कप रिकामा झाल्याशिवाय उठायचे नाही, एवढाच नियम मी केला. हे काम वाटते त्यापेक्षा बरेच अवघड निघाले. पहिले आठ दिवस मला बसल्याबसल्या गॅसवर ठेवलेले दूध आठवे, न भिजवलेली कणीक आठवे, कोणाला तरी करायचा राहिलेला फोन आठवे, आणि दोनदा तर मी अर्धा चहा पायरीवर ठेवून उठलेसुद्धा.

मन असे भटकते याविषयी हार्वर्ड विद्यापीठातील मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. सुमारे २,२५० प्रौढ माणसांना त्यांच्या फोनवर दिवसातून कोणत्याही वेळी विचारले जाई की तुम्ही आत्ता काय करीत आहात, तुमचे मन त्याच कामात आहे का, आणि तुम्हाला कसे वाटते आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा माणसांचे मन हातातल्या कामात नव्हते आणि अशा वेळी ती कमी आनंदी असल्याचे दिसले. मला विशेष वाटले ते पुढचे निरीक्षण: मन एखाद्या सुखद विचारात रमलेले असले, तरीही ती माणसे हातातल्या कामात गुंतलेल्या माणसांपेक्षा अधिक आनंदी नव्हती. म्हणजे पायरीवर बसून मी महाबळेश्वरची स्वप्ने पाहिली असती, तरी त्यातून पायरीवरच्या चहाहून काही अधिक पदरात पडले नसते.

भटकलेले मन परत कसे आणायचे, याची युक्ती मात्र मला बँकेनेच शिकवली होती. नोटांचे बंडल हाताने मोजताना ६२ वर मन दुसरीकडे गेले, तर अंदाजाने ६३ म्हणता येत नाही. बंडल पुन्हा ठोकून सरळ करायचे आणि एकपासून मोजायचे. त्यात स्वतःवर चिडण्याचा प्रश्न येत नाही, कारण चिडले की दुसऱ्या वेळीही चुकते. चहाचेही मी तसेच केले. दूध आठवले की पुन्हा कपाकडे, वाफेकडे, जास्वंदीवर आलेल्या शिंजिराकडे, त्या चिमुकल्या पक्ष्याकडे. आता साधारण पंधरा मिनिटे मी तिथे बसते, आणि आले घातले होते की नाही हे मला नक्की ठाऊक असते.

दुसरी गोष्ट फिरण्याची. निवृत्तीची भेट म्हणून मुलीने मला पावले मोजणारे घड्याळ दिले होते. तिचा हेतू चांगला होता, पण घड्याळाने माझ्यातली कारकून जागी केली. दहा हजारांचा आकडा गाठायचा म्हणून मी कृष्णेच्या काठाने मान खाली घालून चालू लागले. वाटेत कोणी ओळखीचे दिसले तर थांबल्याने लय मोडेल म्हणून नुसती मान हलवू लागले. आणि रात्री ९,६०० पावले झालेली दिसली, तर उरलेली चारशे माजघरातून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालून भरू लागले. दहा हजार हा आकडा कुठून आला याची चौकशी केली, तेव्हा तो वैद्यकातून आलेला नसून १९६५ साली जपानमध्ये विकायला काढलेल्या 'मानपो-केई' या पाऊलमापकाच्या नावातून आलेला असल्याचे समजले. त्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचे मापक' असा होतो. आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली अमेरिकेतील १६ हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांच्या पावलांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदरसुद्धा अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होता आणि ७,५०० च्या आसपास पुढचा लाभ थांबत होता. म्हणजे रात्रीच्या माझ्या चारशे पावलांच्या येरझाऱ्या कोणाच्याच उपयोगाच्या नव्हत्या, आमच्या फरशीच्या तर नक्कीच नव्हत्या.

घड्याळ मी काढून कपाटात ठेवले (मुलगी आली की घालते) आणि फिरायला निघताना पावलांऐवजी एखादी पाहायची वस्तू ठरवू लागले. एखाद्या दिवशी फक्त जुन्या वाड्यांचे दरवाजे, एखाद्या दिवशी घाटावर पोहायला शिकणारी मुले, एखाद्या दिवशी गणपती मंदिराच्या आवारात बसलेले लोक. हरिपूरच्या रस्त्याने गेले तर कृष्णा आणि वारणा यांच्या संगमापर्यंत, अंगात बळ नसेल तर सरकारी घाटावर नुसते बसून परत. हल्ली मी किती चालते हे मला ठाऊक नाही, पण फिरायला जायचा कंटाळा येत नाही हे खरे.

मंडईचेही तसेच झाले. नोकरीच्या काळात भाजी ही शनिवारी एकदम आणून, निवडून, डब्यात भरून उरकायची गोष्ट होती. आता मी दोन-तीन दिवसांनी जाते आणि थोडीच आणते. पहिल्या-दुसऱ्या खेपेला, जिच्याकडून मी पंधरा वर्षे मेथी घेत होते त्या मावशींनी विचारले, "का वो वैनी, आज गडबड न्हाय व्हय? बसा की वाईच." पंधरा वर्षांत त्यांचे गाव डिग्रज असल्याचे मला ठाऊक नव्हते, त्यांना मात्र माझी मुलगी पुण्याला असल्याचे ठाऊक होते, कारण मी फोनवर बोलत बोलतच भाजी घेत असे. शिकागो शहरात निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी लोकलच्या प्रवाशांवर केलेला आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे: काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितले होते आणि काहींना गप्प बसायला. आधी विचारले तेव्हा गप्प बसण्यातच प्रवास अधिक सुखाचा होईल असे लोकांना वाटत होते. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचाच प्रवास अधिक सुखाचा झाला. शिकागोचे ठीक आहे. आमच्या सासूबाईंना हे ऐकवले असते तर त्यांनी त्यात शोध तो कोणता, असे विचारले असते.

भाजी थोडी आणायची म्हटल्यावर ऋतू आपोआप ताटात येतो. हुरडा जानेवारीत, तासगावकडची द्राक्षे फेब्रुवारी-मार्चमध्ये, आंबा अक्षय्य तृतीयेला देवापुढे ठेवल्यावरच, ही शिस्त आमच्या घरात होती आणि मधल्या काळात मोडली होती. वर्षभर सगळे मिळते म्हणून वर्षभर सगळे खाल्ले की कशाचीच वाट पाहावी लागत नाही, आणि वाट न पाहता आलेल्या गोष्टीची चव दुसऱ्या घासालाच ओसरते. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी यांची जी चव असते, तीच भाजी जूनमध्ये केली तर लागत नाही, हे मी करून पाहिलेले आहे.

एक प्रयोग फसला, तोही सांगितला पाहिजे. रोज रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहाव्यात, असे मी अनेक ठिकाणी वाचले होते. या सल्ल्यामागे रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांचा २००३ सालचा अभ्यास आहे. पण त्यातल्या पहिल्या प्रयोगात माणसांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदाच, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितले होते, हे मला नंतर कळले. मी उत्साहाने रोज लिहू लागले. तिसऱ्या आठवड्यात वहीची पाने चाळली तेव्हा 'चहा चांगला झाला, पाऊस थांबला, मुलीचा फोन' या तीन नोंदी अकरा वेळा, याच क्रमाने, सापडल्या. ते कृतज्ञतेचे टिपण नव्हते, हजेरीपत्रक होते. झोपण्यापूर्वीचे एक काम उरकण्याच्या यादीत वाढले होते, एवढेच. वही मी बंद केली आणि आता त्याच वहीत दुधाचा हिशेब असतो. कोणाला ती सवय लाभली असेल तर आनंद आहे. मला तरी आकडे आणि रकाने यांपासून दूर राहणेच मानवते. रात्री मोबाईल बैठकीच्या खोलीत ठेवून झोपणे मात्र मानवले, आणि त्यात सांगण्यासारखे काही नाही, झोप लागते.

आता नदीविषयी. सांगलीत जुलै-ऑगस्ट लागला की माणसे एकमेकांना खुशाली विचारण्याआधी "आयर्विनला किती फूट?" असे विचारतात. १९२९ सालापासून उभ्या असलेल्या या पुलापाशी पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी आहे, आणि ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका हे आकडे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. कोयनेतून किती क्युसेक पाणी सोडले, यावर लग्नघरातसुद्धा चर्चा होते. पावसाळा सरला की त्या पट्टीकडे कोणी ढुंकून पाहत नाही. मी पाहते. फिरायला गेले की पुलापाशी दोन मिनिटे थांबायचे आणि नदी आज कुठे आहे ते पाहायचे, ही सवय मी बारा महिने ठेवली आहे. थंडीत पाणी संथ, हिरवट आणि इतके खाली असते की पट्टीवरचे वरचे आकडे कोणीतरी गंमत म्हणून रंगवले असावेत असे वाटते. मग एखाद्या सकाळी धुक्यात पूल अर्धाच दिसतो, आणि खालून होडी जाताना वल्ह्याचा आवाज आधी येतो, होडी नंतर.

ते आकडे गंमत म्हणून रंगवलेले नाहीत, हे मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळले. २००५ च्या महापुरात पाणी आमच्या उंबऱ्याशी येऊन थबकले होते, त्यामुळे या वेळीही ते तिथेच थांबेल अशा भरवशावर आम्ही राहिलो. ते थांबले नाही. आयर्विनची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. आम्ही दोन पिशव्या आणि औषधांचा डबा घेऊन विश्रामबागला दिरांकडे गेलो, आणि आठ-नऊ दिवसांनी परत आलो तेव्हा माजघरात घोट्याएवढा गाळ होता आणि भिंतीवर माझ्या खांद्याशी पाण्याची रेघ.

लाकडी कपाटाची दारे फुगून बसली होती. ह्यांनी कटावणी घालून ती उचकटली. खालच्या दोन कप्प्यांत मी 'चांगल्या' वस्तू ठेवीत असे. म्हणजे पाहुण्यांसाठीच्या चादरी, समारंभासाठीच्या साड्या, नक्षीचा टेबलक्लॉथ, आणि नोकरीला २५ वर्षे झाली तेव्हा सहकाऱ्यांनी दिलेला सोनेरी कडेच्या सहा कपांचा संच, अजून त्याच्या खोक्यातच. चादरी उलगडताना त्यांच्यातून गाळ पडत होता. पैठणीची जर काळी पडली होती. पण मला रडू आले ते तीन साध्या रेशमी साड्या हातात घेतल्यावर. त्या तिन्ही साड्यांची घडी मोडलेली नव्हती. एक भाऊबीजेची होती, एक मुलीने तिच्या पहिल्या पगारातून घेतलेली, आणि तिसरी कोणी दिली हे मला आठवेना. नवी साडी मैत्रिणीला किंवा नणंदेला घडी मोडायला देण्याची आपल्याकडे केवढी चांगली रीत आहे. मी तीही केली नव्हती. काहीतरी चांगले निमित्त येईल म्हणून ठेवल्या होत्या, आणि त्यांची घडी अखेर कृष्णामाईने मोडली.

हरिपूरला हळदीची पेवे होती, ती ज्यांनी पाहिली असतील त्यांना मी काय म्हणते ते लवकर कळेल. जमिनीत खोल खणलेल्या त्या खड्ड्यांत हळद भरून तोंड लिंपून टाकले की आत प्राणवायू फारसा उरत नाही, कीड लागत नाही आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडले की लगेच आत उतरत नाहीत. आधी कंदील सोडून पाहतात, तो विझला तर माणसानेही उतरायचे नसते. २००५ च्या पुरात यांतली अनेक पेवे पाण्याने गेली. साठवून ठेवण्याचे हे शास्त्र हळदीला शोभते. मी मात्र चादरी, साड्या, कप, आणि खरे सांगायचे तर सुट्ट्या, गाणे, मैत्रिणींकडे जाणे हे सगळेच निवृत्तीच्या पेवात भरून तोंड लिंपून टाकले होते, आणि आत कंदील पेटेल की नाही हे एकदाही पाहिले नव्हते.

त्यानंतर आमच्या घरात 'पाहुण्यांचे' असे काही उरलेले नाही. चांगली चादर मंगळवारीसुद्धा घातली जाते. नवी साडी आणली तर आठवड्याच्या आत तिची घडी मोडायची, कोणतेही निमित्त नसेल तर मंडईत नेसून जायचे. डिग्रजच्या मावशी पहिल्यांदा म्हणाल्या, "आज लगीन हाय का कुठं?" मी म्हटले, "नाही, मेथी न्यायची आहे." त्यांनी पदर हातात घेऊन पाहिला, भाव विचारला, आणि दुकानदाराने मला फसवले असे सांगितले.

पुराने खोलीच्या कोपऱ्यात गवसणीत उभा असलेला माझा तंबोराही भिजवला होता. लग्नाआधी मी गाणे शिकत होते, एक-दोन परीक्षाही दिल्या होत्या. नंतर संसार आणि बँक यांत तंबोरा कोपऱ्यात गेला आणि तिथेच राहिला. भोपळा पाणी पिऊन जड झाला होता, तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, एका बाजूने सुटली होती. टाकून द्यावा असे घरात मत पडले. मी तो रिक्षात घालून मिरजेला नेला.

मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्ये बनवणाऱ्यांची घरे आहेत, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, आणि इथल्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या कारागिरांकडे मी गेले, त्यांनी तंबोऱ्याला बोटाच्या पेराने दोन-तीन ठिकाणी वाजवून पाहिले आणि विचारले, "घाई आहे का?" मी सवयीने "थोडी" म्हणाले. "मग नवा घ्या. हा सावलीत वाळायला हवा. त्याआधी हात लावणार नाही." घाई कसली होती, हे मलाच सांगता येईना. मी तंबोरा ठेवून आले.

साडेतीन महिन्यांनी बोलावणे आले तेव्हा जोडकाम संपले होते आणि जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढायची होती. घोडीच्या माथ्यावर तार ज्या जागी टेकते तो उतार कानशीने किंचित घासायचा, तार लावायची, छेडायची, ऐकायची, पुन्हा सैल करायची आणि पुन्हा घासायचे. मग तारेखाली सुती धाग्याचा तुकडा, ज्याला जीव म्हणतात, सरकवून तो केसभर पुढे-मागे करायचा. नेमक्या जागी आला की एवढा वेळ टणत्कार करणारी तार एकाएकी गुंजू लागते. मी समोर बसून चुळबुळ करू लागले तेव्हा ते वर न पाहता म्हणाले, "समोर चहा चांगला मिळतो, घेऊन या तोवर." मी चहा घेतला, रस्त्यावर एक फेरी मारली, परत आले, आणि ते अजून पहिल्याच तारेवर होते. चौथ्या तारेपर्यंत दुपार झाली. मधे त्यांच्याकडे एक फोन आला, तो त्यांनी उचलला नाही.

आता दिवेलागणीला मी दहा-पंधरा मिनिटे तंबोरा घेऊन बसते. गात नाही, आवाज गेला आहे आणि त्याचे मला फारसे दुःख नाही. त्यातला बराचसा वेळ तारा लावण्यातच जातो. पावसाळ्यात तर सूर जुळवायचे तारांवरचे मणी सरकवता सरकवताच दिवस मावळतो. चारही तारा एकमेकींत मिसळल्या की खोलीत जणू पाचवे कोणी बसलेले आहे असे वाटते, आणि त्या वेळी वरण उतू गेले तरी मला कळत नाही. हे आता कुकर लावून बाहेरच बसतात.

इतके लिहिले म्हणून मी सुधारले आहे असे कोणी समजू नये. गेल्या दिवाळीत मुलगी आणि जावई येणार म्हणून चार दिवसांचा फराळ मी दीड दिवसात उरकला. चकलीचे पीठ नीट मळले गेले नाही आणि घाण्याघाण्याला चकल्या तुटल्या. शेवटी आम्ही त्याचे तुकडेच डब्यात भरून 'चकलीचे भडंग' म्हणून खपवले. जावयांनी दुसऱ्यांदा मागून घेतले, हा त्यांचा चांगुलपणा.

सोनेरी कडेच्या त्या सहा कपांपैकी पुरातून चार शाबूत निघाले होते. धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून ते आम्ही रोजच्या वापरात घेतले आणि पायरीवरचा माझा चहा तेव्हापासून त्यातच असतो. मागच्या महिन्यात विसळताना त्यांतला एक माझ्या हातून निसटला. तुकडे गोळा करून झाल्यावर हे म्हणाले, "आता तीनच राहिले. बाकीचे उचलून ठेवू या का वर?" मी गाळणी हातात घेतली होती. त्यांतले दोन कप पुढे ओढले, एकात त्यांच्यासाठी बिनसाखरेचा ओतला, एकात माझा, आणि आम्ही दोघे परसदारी जाऊन बसलो. आले मी घातले होते.